मार्क आणि फ्रँक यांचा जुना दर शोधायचा कसा?

१९६९ साली एका जर्मन मार्कला किती फ्रेंच फ्रँक मिळत होते? प्रश्न साधा दिसतो, पण त्याची बरोबर उत्तरे निदान तीन आहेत. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत १.२३४३. ८ ऑगस्टला फ्रान्सने फ्रँकचे अवमूल्यन जाहीर केले, तिथून पुढे १.३८८६. सप्टेंबरअखेर पश्चिम जर्मनीने मार्क काही आठवडे बाजारावर सोडला आणि ऑक्टोबरच्या शेवटी त्याचे मूल्य वाढवून नवा दर बांधला, तो १.५१७५. वर्ष एकच, फरक तेवीस टक्क्यांचा. म्हणून कुठे 'त्या वर्षीचा दर' असा एकच आकडा दिसला, तर तो कुठल्या महिन्याचा हे विचारल्याशिवाय वापरू नये.

दोन्ही चलने आता इतिहासजमा झाली आहेत. तरी त्यांच्यातला दर शोधायची वेळ बऱ्याच जणांवर येते: युरोपचा अर्थ-इतिहास शिकणारे विद्यार्थी, जर्मन किंवा फ्रेंचमधून मराठीत अनुवाद करणारे, जुन्या नोटा आणि नाणी जमवणारे, घरातल्या कुणाच्या परदेशातल्या वास्तव्याची कागदपत्रे लावणारे. अशा पहिल्यांदाच या वाटेला लागलेल्यांसाठी हा लेख आहे. मार्क आणि फ्रँक ही जोडी मुद्दाम निवडली आहे, कारण चलनांच्या बाबतीत जे जे घडू शकते ते जवळपास सगळे या दोघांच्या बाबतीत घडले आहे. ही जोडी नीट समजली की लिरा, गिल्डर, पेसेटा यांच्या वाटेवर फारसे अडायला होत नाही.

पहिली पायरी: आकडा शोधण्याआधी प्रश्न पुरा करा

कागद घ्या आणि चार गोष्टी लिहा. तारीख कोणती? दर कशासाठी हवा आहे? रक्कम रोख नोटांची आहे की बँकेमार्फत गेलेल्या पैशांची? आणि उत्तर किती काटेकोर हवे?

कादंबरीच्या अनुवादात वाचकाला अंदाज यावा म्हणून टीप द्यायची असेल, तर वार्षिक सरासरी पुरे. एखादा करार, पगाराचे पत्र किंवा बिल असेल, तर त्या दिवसाचा दर हवा. प्रवाशाने खिडकीवर नोटा बदलल्या असतील, तर त्याला बाजारातल्या दरापेक्षा कमीच मिळाले असणार, कारण रोख नोटांचा भाव आणि बँकांमधल्या हस्तांतरणाचा भाव हे जर्मनीत वेगवेगळे छापले जात. जर्मन कोष्टकात 'गेल्ड' आणि 'ब्रीफ' असे दोन रकाने दिसले, तर पहिला खरेदीचा आणि दुसरा विक्रीचा दर समजावा. इतिहासाच्या कामाला बहुधा दोन्हींच्या मधला दर वापरतात.

दुसरी पायरी: कुठला मार्क? कुठला फ्रँक?

इथे झालेली गफलत शंभर पटींनी महागात पडते, म्हणून जरा थांबू.

जर्मनीत १८७१-७३ च्या कायद्यांनी आलेला सुवर्ण मार्क वेगळा. पहिल्या महायुद्धात सोन्याशी नाते तुटल्यावर घसरत गेलेला कागदी मार्क वेगळा; नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला असे ४ लाख २० हजार कोटी मार्क मोजावे लागत. मग रेंटेनमार्क, १९२४ पासून राइशमार्क, आणि २० जून १९४८ पासून पश्चिमेकडच्या तीन व्याप्त विभागांत डॉइच मार्क. पूर्व जर्मनीचा मार्क यांहून निराळा होता, आणि त्याचा अधिकृत दर बाजारातल्या किमतीशी जुळत नसे. १९२३ ची जर्मन कोष्टके वाचताना आणखी एक काळजी: तिथे 'बिलियन' म्हणजे एक लाख कोटी, शंभर कोटी नव्हे.

फ्रँकची वंशावळ याहून सोपी आहे, पण सापळा मोठा आहे. १ जानेवारी १९६० ला फ्रान्सने शंभर जुन्या फ्रँकांचा एक नवा फ्रँक केला. कायदा एका दिवसात बदलला, लोकांची सवय बदलली नाही. घर, जमीन, लॉटरी अशा मोठ्या रकमा फ्रेंच माणसे पुढे कितीतरी वर्षे जुन्या फ्रँकांतच बोलत राहिली. त्यामुळे १९६० नंतरच्या पत्रात किंवा आठवणींत एखादी किंमत अवाच्या सवा वाटली, तर आधी तिला शंभराने भागून पाहा.

आणि हा फ्रँक फ्रान्सचाच आहे ना, याचीही खात्री करा. स्विस, बेल्जियन आणि लक्झेंबर्गचे फ्रँक वेगळे होते. आकडेवारीच्या संकेतस्थळांवर तीन अक्षरी खुणा असतात: डॉइच मार्कची डीईएम, फ्रेंच फ्रँकची एफआरएफ. नावापेक्षा त्या खुणेवर विसंबावे.

या सगळ्याचे एक विलक्षण उदाहरण सांगतो. सुवर्णमानाच्या काळात एक किलो शुद्ध सोन्याचे २,७९० मार्क पाडले जात आणि ३,४४४.४४ फ्रँक. भागाकार करा: एक मार्क म्हणजे १.२३४६ फ्रँक. हाच हिशेब उलटा मांडला की १०० फ्रँक बरोबर ८१ मार्कांचे होतात. आता १९६१ ते १९६९ या काळातला दर पाहा: १.२३४३. जवळजवळ तोच आकडा! कोष्टकात १९१३ आणि १९६५ शेजारी ठेवले, तर अर्ध्या शतकात काहीच घडले नाही असे वाटेल. प्रत्यक्षात मध्ये दोन महायुद्धे झाली, जर्मनीचे चलन दोनदा मातीमोल होऊन नव्याने उभे राहिले आणि फ्रँकची दोन शून्ये गेली. आकडा जुळला म्हणून चलन तेच असते असे नाही.

तिसरी पायरी: दिशा आणि स्वल्पविराम

'मार्क-फ्रँक ३.३५' म्हणजे एका मार्कला ३.३५ फ्रँक. फ्रँकफुर्टच्या अधिकृत भावपत्रकात मात्र १०० फ्रँकांचे किती मार्क असे छापत. १९८७ नंतरच्या काळात तिथे २९.८ च्या आसपासचा आकडा दिसतो. तो पाहून नवखा माणूस गोंधळतो, पण १०० ला २९.८ ने भागले की ३.३५ येतात. डॉलर आणि पौंड तिथे एकाच्या हिशेबाने असत आणि लिरा हजाराच्या. म्हणून कोष्टकाच्या माथ्यावर 'एक', 'शंभर' की 'हजार' हे वाचल्याशिवाय खाली उतरू नका.

जर्मन आणि फ्रेंच दोन्ही छपाईंत दशांशाच्या जागी स्वल्पविराम असतो, आणि जर्मन छपाईत हजारांच्या जागी टिंब. '१.२३४,५६' हे आपल्या पद्धतीने १,२३४.५६. आकडे उतरवून संगणकाच्या कोष्टकात चिकटवले की हमखास इथेच घोटाळा होतो.

चौथी पायरी: काळ ओळखा

खरे काम इथे आहे. तारीख कुठल्या काळात पडते हे कळले की दर बांधलेला होता, पट्ट्यात हलणारा होता की मोकळा, हे कळते, आणि आकडा साधारण किती असायला हवा याचा अंदाज आधीच येतो. पुढचे आकडे मी खुणेचे दगड म्हणून देतो. ते जवळ लिहून ठेवा.

१८७० च्या दशकापासून १९१४ पर्यंत सुवर्णमान: १.२३४६. १८७१ च्या पराभवानंतर फ्रान्सने जर्मनीला द्यायची युद्धखंडणी ५०० कोटी फ्रँक होती. ८१ चा हिशेब लावला की ४०५ कोटी मार्क. इतका सरळ हिशेब पुन्हा फारसा भेटत नाही.

१९१४ ते १९२४ हा काळ नवख्याने एकट्याने हाताळू नये. १९२२-२३ मध्ये महिन्याची सरासरीही निरर्थक होते. दिवसाचाच दर हवा, तोही जपून. पुढे फ्रँक १९२६ च्या उत्तरार्धात सावरला आणि जून १९२८ च्या कायद्याने त्याचे नवे सुवर्णमूल्य ठरले. तेव्हा डॉलरला सुमारे २५.५२ फ्रँक आणि ४.२० राइशमार्क, म्हणजे एका राइशमार्कला सहाहून थोडे अधिक फ्रँक.

१९३१ च्या उन्हाळ्यात जर्मनीत परकीय चलनावर नियंत्रण आले. तिथून १९४८ पर्यंत राइशमार्कचा अधिकृत दर ही सरकारची घोषणा होती, बाजाराची किंमत नव्हे. १९४० साली जर्मन सैन्याने फ्रान्स व्यापल्यावर एका राइशमार्कला २० फ्रँक असा दर लादला. त्या दराने जर्मन सैनिक फ्रेंच दुकानांतला माल स्वस्तात उचलत होता आणि फ्रेंच माणूस आपल्याच घरात गरीब होत होता. हा आकडा वापरायचा झाला तर 'लादलेला दर' असे शेजारी लिहाच. नुसता विनिमय दर म्हणून तो छापणे म्हणजे त्या लुटीला व्यापार म्हणणे.

१९४८-४९ मध्ये फ्रान्समध्ये एकाच वेळी अनेक दर चालू होते, म्हणून त्या दोन वर्षांतही जपून राहावे. सप्टेंबर १९४९ पासून चित्र स्वच्छ होते. डॉलरला ४.२० मार्क आणि ३५० जुने फ्रँक, म्हणजे एका मार्कला ८३.३ जुने फ्रँक. ऑगस्ट १९५७ मध्ये फ्रान्सने आडमार्गाने वीस टक्क्यांचे अवमूल्यन केले आणि डॉलर ४२० फ्रँकांवर गेला. एका मार्कला बरोबर १०० फ्रँक. डिसेंबर १९५८ च्या अखेरीस डॉलर ४९३.७०६ वर, म्हणजे मार्क ११७.५ वर. वर्षभराने शून्ये गेली आणि तोच दर १.१७५५ झाला. मार्च १९६१ मध्ये मार्कचे मूल्य पाच टक्क्यांनी वाढले, तेव्हा १.२३४३. नोव्हेंबर १९६८ मध्ये फ्रँक पडणार असे सगळे धरून चालले होते. राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी अवमूल्यनाला ठाम नकार दिला आणि दर जागचा हलला नाही. त्या महिन्याच्या बातम्या वाचून दर बदललाच असेल असे समजू नका. तो बदलला १९६९ मध्ये, द गॉल पायउतार झाल्यावर.

मे १९७१ मध्ये मार्क पुन्हा मोकळा सुटला, १५ ऑगस्टला अमेरिकेने डॉलरचे सोन्याशी असलेले नाते तोडले आणि डिसेंबरच्या वॉशिंग्टन करारात नवे दर ठरले: डॉलरला ३.२२२५ मार्क आणि ५.११५७ फ्रँक. म्हणजे मार्क १.५८७५ फ्रँकांवर. एप्रिल १९७२ पासून युरोपीय देशांनी आपली चलने एकमेकांपासून फार लांब जाऊ नयेत म्हणून एक अरुंद पट्टा आखला. १९७३ मध्ये मार्कचे मूल्य आधी ३ आणि मग ५.५ टक्क्यांनी वाढले, त्यामुळे दर सुमारे १.७२५ झाला. फ्रान्स या व्यवस्थेतून जानेवारी १९७४ मध्ये बाहेर पडला, जुलै १९७५ मध्ये परतला आणि मार्च १९७६ मध्ये कायमचा बाहेर गेला. त्यानंतर फ्रँक मोकळा घसरला: १९७५ ची सरासरी १.७४, १९७८ ची २.२५. या काळात एक बारीक गोष्ट सांभाळायची आहे. ऑगस्ट १९७१ ते मार्च १९७४ फ्रान्समध्ये दोन बाजार होते, व्यापाराचा फ्रँक आणि भांडवली व्यवहारांचा फ्रँक. मालाच्या किमतीसाठी पहिला धरा.

१३ मार्च १९७९ ला युरोपीय चलन व्यवस्था सुरू झाली आणि या जोडीचा केंद्रीय दर, म्हणजे सरकारांनी मिळून मान्य केलेला मधला दर, २.३०९५ ठरला. बाजारातला दर त्याच्या वरखाली २.२५ टक्क्यांत ठेवायचा होता. मग सहा वेळा हा केंद्रीय दर बदलला: सप्टेंबर १९७९ ला २.३५५७, ऑक्टोबर १९८१ ला २.५६२१, जून १९८२ ला २.८३४०, मार्च १९८३ ला ३.०६६५, एप्रिल १९८६ ला ३.२५६२ आणि जानेवारी १९८७ ला ३.३५३८६. मितराँ मे १९८१ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्यानंतर दोन वर्षांच्या आत तीन अवमूल्यने झाली. शेवटच्या वेळी, मार्च १९८३ मध्ये, फ्रान्सने चलन व्यवस्थेतच राहायचे आणि खर्च आवळायचा असा निर्णय घेतला. माझ्या मते या सबंध इतिहासातला सर्वांत मोठा वळणबिंदू तोच. पुढचा भक्कम फ्रँक आणि शेवटी यूरो, दोन्ही त्या आठवड्यातून निघतात.

१९८७ नंतर केंद्रीय दर पुन्हा कधीच बदलला नाही. सप्टेंबर १९९२ मध्ये पौंड आणि लिरा बाहेर फेकले गेले, फ्रँकवरही हल्ला झाला, पण फ्रेंच आणि जर्मन मध्यवर्ती बँकांनी मिळून तो थोपवला. २ ऑगस्ट १९९३ पासून पट्टा दोन्ही बाजूंना १५ टक्के इतका रुंद केला. त्यानंतर बाजारातला दर ३.५० च्या पलीकडेही गेलेला दिसतो, उदाहरणार्थ मार्च १९९५ मध्ये. १९९९ पर्यंत तो हळूहळू मूळ जागी परतला आणि ३.३५३८६ वर कायमचा गोठला.

पाचवी पायरी: आकडा मिळवा, नसेल तर काढा

जर्मन मध्यवर्ती बँकेच्या संकेतस्थळावर जुन्या फ्रँकफुर्ट भावांच्या मालिका आहेत, आणि फ्रान्सच्या मध्यवर्ती बँकेचाही आकडेवारीचा विभाग आहे. मात्र नवख्यासाठी सर्वांत सोपी जागा म्हणजे अमेरिकेच्या सेंट लुईस फेडरल रिझर्व्ह बँकेचा विनामूल्य साठा. तिथे डॉलरशी मार्कची आणि डॉलरशी फ्रँकची अशा दोन मासिक मालिका १९७१ पासून २००१ पर्यंत मिळतात. युरोपीय मध्यवर्ती बँकेकडे हे शोधू नका. तिचे दैनंदिन दर जानेवारी १९९९ पासूनचे आहेत आणि तोवर ही जोडी गोठली होती. १९४८ नंतरच्या आकड्यांसाठी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची वार्षिके चांगली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेसारख्या जुन्या ग्रंथालयांत त्यांच्या छापील प्रती आहेत का ते विचारून पाहावे.

दोन चलनांचा थेट दर नसेल तर तिसऱ्यामार्फत काढायचा, त्याला आडवा दर म्हणतात. १९८५ चे उदाहरण घेऊ. त्या वर्षी डॉलरची सरासरी २.९४४० मार्क आणि ८.९८५२ फ्रँक. फ्रँकांना मार्कांनी भागा: ३.०५२०. आता खुणेच्या दगडाकडे पाहा. तेव्हाचा केंद्रीय दर ३.०६६५, आपले उत्तर त्याच्या अर्धा टक्का खाली, म्हणजे पट्ट्याच्या आत. हिशेब बसला.

यातून आणखीही काहीतरी दिसते. १९८५ च्या फेब्रुवारीत डॉलर जवळपास ३.४७ मार्कांवर होता आणि वर्षअखेर २.५० च्या खाली उतरला. डॉलर एवढा गडगडला, तरी मार्क आणि फ्रँक यांच्यातले अंतर जेमतेम हलले, कारण दोघे मिळून डॉलरसमोर वरखाली होत होते. आडवा दर काढताना दोन्ही आकडे एकाच दिवसाचे, एकाच वेळेचे आणि एकाच बाजाराचे असावेत ते यासाठीच. मार्कचा दर न्यूयॉर्कच्या दुपारचा आणि फ्रँकचा पॅरिसच्या सकाळचा घेतला, तर मधल्या तासांत डॉलर जेवढा हलला तेवढी चूक उत्तरात येते.

रुपयापासून सुरुवात करायची असेल तर रिझर्व्ह बँकेच्या सांख्यिकी पुस्तिकेत डॉलर, पौंड, मार्क आणि येन यांच्याशी रुपयाचे जुने दर आहेत. फ्रँक तिथे नाही. म्हणून रुपयातून आधी मार्कात यावे आणि मार्कातून फ्रँकात जावे.

सहावी पायरी: दिवस तपासा

चलन व्यवस्थेतल्या त्या सहाही बदलांचा पहिला दिवस सोमवार होता. अर्थमंत्री शनिवार-रविवारी, बाजार बंद असताना, बसून ठरवत. म्हणून तुमची तारीख अशा सोमवारच्या आगेमागे असेल, तर शुक्रवारचा आणि सोमवारचा असे दोन्ही आकडे पाहा. सुट्टीच्या दिवसाचा दर नसतो. त्याआधीचा शेवटचा कामकाजाचा दिवस धरण्याची रीत आहे.

केंद्रीय दर तीन टक्क्यांनी उडाला म्हणजे बाजारातला दरही तेवढाच उडाला असे मात्र नाही. जानेवारी १९८७ चा बदल पाहा. जुन्या पट्ट्याची वरची कड ३.३३ च्या जवळ होती आणि नव्या पट्ट्याची खालची ३.२८ च्या. दोन्ही पट्टे एकमेकांवर चढलेले होते, म्हणून बाजाराला उडी न मारताही एका पट्ट्यातून दुसऱ्यात जाता येत होते. त्या दिवशी व्यवहार केलेल्या व्यापाऱ्याला किती मिळाले हे सांगायचे असेल, तर बाजाराचाच दर हवा. सरकारने काय मान्य केले हे सांगायचे असेल, तर केंद्रीय. अनेक लेखांत हे दोन्ही आकडे एकाच रेषेवर जोडलेले दिसतात, आणि त्याने वाचकाची दिशाभूल होते.

सातवी पायरी: यूरोमार्गे जाण्याचा नियम

३१ डिसेंबर १९९८ ला एका यूरोचे १.९५५८३ मार्क आणि ६.५५९५७ फ्रँक असे कायमचे ठरले. पुढची तीन वर्षे मार्क आणि फ्रँकच्या नोटा हातात होत्या, पण त्या यूरोचीच रूपे होती. या काळात मार्काचे फ्रँक करायचे तर कायद्याने एक पद्धत घालून दिली होती: आधी मार्काचे यूरो करा, ते निदान तीन दशांश स्थळांपर्यंत ठेवा, मग यूरोचे फ्रँक करा. उलटे दर वापरायला मनाई होती.

हजार मार्क घ्या. १.९५५८३ ने भागून ५११.२९२ यूरो. त्याला ६.५५९५७ ने गुणून ३,३५३.८६ फ्रँक. थेट ३.३५३८६ ने गुणले तरी तेच येते. मग एवढा खटाटोप का? दहा लाख मार्क घेऊन बघा. नियमाने सुमारे ३३,५३,८५५ फ्रँक, थेट गुणाकाराने ३३,५३,८६०. पाच फ्रँकांचा फरक. बँकेच्या हिशेबात पाच फ्रँक जुळले नाहीत तर ताळेबंद अडतो. १९९९ ते २००१ मधली कागदपत्रे तपासताना असा किरकोळ फरक दिसला, तर बहुधा त्याचे मूळ इथेच सापडेल.

हातात प्रत्यक्ष नोटा असतील त्यांच्यासाठी: जर्मन मध्यवर्ती बँक डॉइच मार्कच्या नोटा आणि नाणी मुदतीशिवाय, त्याच दराने बदलून देते. फ्रान्सने फ्रँकच्या नोटा बदलणे १७ फेब्रुवारी २०१२ ला बंद केले. त्यामुळे फ्रँकची नोट आता फक्त संग्राहकाच्या कामाची.

आठवी पायरी: ओळखीच्या व्यवहारावर पडताळा

उत्तर आले की एखाद्या ठरलेल्या, सार्वजनिक व्यवहाराशी ते ताडून पाहा. माझे आवडते उदाहरण झारलँडचे. फ्रान्सच्या सीमेवरचा हा प्रांत १ जानेवारी १९५७ ला पश्चिम जर्मनीत आला, पण तिथे फ्रँक चालूच राहिला. ६ जुलै १९५९ ला तिथे मार्क आला, तेव्हा लोकांच्या १०० फ्रँकांचे ०.८५०७ मार्क केले. आपल्या दगडांवरून बघू. डॉलरला ४.२० मार्क आणि ४९३.७०६ फ्रँक. ४२० ला ४९३.७०६ ने भागा: ०.८५०७. शेवटच्या आकड्यापर्यंत तंतोतंत. स्वतः केलेला भागाकार एका प्रांतातल्या लाखो माणसांच्या बचतीच्या हिशेबाशी जुळताना पाहण्यात मोठा आनंद आहे, आणि तो नवख्याने पहिल्याच दिवशी घ्यावा.

विनिमय दरावरून राहणीमान मात्र सांगू नका. एका मार्कला तीन फ्रँक मिळत म्हणून जर्मन माणूस तिप्पट श्रीमंत ठरत नाही. पाव, घरभाडे, मजुरी यांच्या त्या त्या देशातल्या किमती हव्यात, आणि ते काम वेगळे आहे.

शेवटी नोंद. नुसता आकडा लिहून ठेवलात तर सहा महिन्यांनी तुम्हालाच त्याचा अर्थ लागणार नाही. दिशा, तारीख, प्रकार आणि रीत, चारही लिहा. जसे: '१ डॉइच मार्क = ३.०५२० फ्रेंच फ्रँक (नवे). १९८५ ची वार्षिक सरासरी. डॉलरमार्गे काढलेला आडवा दर. तेव्हाचा केंद्रीय दर ३.०६६५.' दशांश स्थळे चारच ठेवा, मूळ आकड्यांत त्याहून जास्त नसतात. १९९९ नंतरचा दर असेल तर पाच ठेवा आणि 'यूरोमार्गे' असे शेजारी लिहा.